भावांचा वाटा विकत घेतला, त्याची गोष्ट

माहेरच्या घरातला माझ्या दोन्ही भावांचा वाटा मी रीतसर पैसे मोजून विकत घेतला. कळल्यावर निम्म्या लोकांनी विचारलं, "अगं, वाटा बहिणीनं सोडायचा असतो ना?" उरलेल्यांनी विचारलं, "सख्ख्या बहिणीकडून पैसे घेतले व्हय भावांनी?" दोन्हींचं उत्तर सविस्तर लिहून ठेवते, कारण आमच्या कोल्हापुरात, मंगळवार पेठेत वारसांचं जमत नाही म्हणून कुलपं लागलेली घरं बोळाबोळात आहेत आणि ती पडताना बघून जीव तुटतो.

घर मिरजकर तिकटीपासून आत, बी वॉर्डात. पुढं सोपा, वर माडी, मागं परडं. आबांनी, म्हणजे वडिलांनी, नोकरीत असताना स्वतःच्या पैशानं घेतलेलं. त्यांनी मृत्युपत्र केलं नाही, आईनंही नाही. त्यामुळं आई गेल्यावर आम्हा तिघांचा सारखा एक-एक तृतीयांश. मुलीला हक्क 2005 साली मिळाला असं सगळे म्हणतात, पण तो हक्क एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतला. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलाइतका आहे. राहत्या घराची वाटणी मागायला मात्र तिला कलम 23 आडवं येत होतं. भावांनी वाटणी करायची ठरवल्याशिवाय तिला ती मागता येत नसे. ते कलम 2005 ला गेलं.

आधी सिटी सर्व्हेला वारस नोंद केली. प्रॉपर्टी कार्डावर आबांचंच नाव होतं. तिघांची नावं चढल्याशिवाय पुढं काही हलत नाही.

खरा प्रश्न किमतीचा. एजंट सांगतो तो आकडा वेगळा, शेजारी सांगतात तो वेगळा, रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारी दराचा, तिसराच. मी आग्रह धरला की सरकारमान्य व्हॅल्युअर आणायचा आणि त्याची फी तिघांनी सारखी भरायची. तो आला, टेप लावून बोळ मोजला, तुळईवर बोटाची गाठ आपटून बघितली, परड्यातली विहीर बघितली. म्हणाला, मातीच्या भिंतींच्या बांधकामाला आता फारशी किंमत नाही, किंमत जागेची. आणि समोर बोळ असल्यानं रस्त्यावरच्या घराचा दर इथं लावता येणार नाही. दादाला ते लागलं. मलाही लागलं, मी राहते त्या घरात. पण आकडा आमच्यातल्या कुणाचा नव्हता, म्हणून तो तिघांना मानता आला. त्याच्याकडूनच 1 एप्रिल 2001 ची किंमतही लिहून घेतली. घर जुनं असलं की विकणाऱ्याचा भांडवली नफा काढताना ती किंमत धरता येते, आणि कर भावांना भरायचा होता.

मग वजावटीचा विषय निघाला. नवरात्रात दादा-वहिनी पुण्याहून आले होते, तेव्हा सगळे सोप्यात बसलो होतो. घरफाळ्याच्या आणि कौलं बदलल्याच्या पावत्या मी पत्र्याच्या डब्यातून काढून पुढं ठेवल्या. दोघांनी बघितल्या आणि आपापला तिसरा हिस्सा वजा करायला सांगितला. एवढ्यावर धाकटा म्हणाला, "अक्का, आईचं सगळं तू काढलंस. माझ्यातले दोन लाख अजून कमी कर."

मी नाही म्हटलं. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि ते ऐकून मला भरूनही आलं. पण आईला उचलून न्हाणीत नेण्याचा दर एकदा लावला, की दादा दर महिन्याला पाठवायचा त्या पैशांचा हिशेब लावावा लागतो, सीपीआर दवाखान्यात रात्र-रात्र बसलेल्या धाकट्याचाही लावावा लागतो. पावती असेल ते मोजायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. आजही मला तेच बरोबर वाटतं.

कागद कुठला करायचा यावर मात्र खूप सल्ले आले. बहुतेकांचं म्हणणं, "बिनमोबदला हक्कसोडपत्र करा, मुद्रांकाला काही शेच लागतात, पैसे हातात द्या." पैसे न घेता वाटा सोडणाऱ्यांसाठी हक्कसोड चांगलंच आहे, फक्त ते नोंदणीकृत पाहिजे आणि कुणाच्या लाभात ते नाव घालून पाहिजे. नोटरी केलेल्या कागदावर मालकी बदलत नाही. पण आम्ही पैसे देत-घेत होतो. ते लपवून भावांनी फुकट सोडलं असं लिहायचं, म्हणजे त्यांच्या खात्यात आलेली रक्कम कशाची हे त्यांना सांगता येणार नाही, आणि उद्या कुणाच्या मुलानं "बाबांना काहीच मिळालं नव्हतं" म्हटलं तर माझ्याकडे पुरावा नाही. रोख द्यायचं तर तेही अवघड. स्थावराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणून दोघांच्या अविभक्त हिश्शाचं खरेदीखत केलं, पूर्ण मुद्रांक भरून, आरटीजीएसचे नंबर दस्तात घालून. माझी ग्रॅच्युइटी आणि ह्यांच्या ठेवी त्यात गेल्या. मुद्रांकाचा एक रुपयाही मला वाया गेला असं वाटत नाही.

वकिलांनी वारसा कायद्याचं कलम 22 पण दाखवलं होतं. एका वारसानं आपला हिस्सा बाहेर विकायचं काढलं, तर बाकीच्या वारसांना तो घ्यायचा पहिला हक्क असतो, आणि किंमत जमली नाही तर ती कोर्ट ठरवून देतं. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण भावाबहिणींत बोलणी अडली असतील त्यांनी हे वकिलाला जरूर विचारावं.

नोंदणीच्या दिवशी टेबलावरच्या माणसानं दस्त उघडून माझ्याकडे सरकवला आणि "लिहून देणार" च्या रकान्यावर बोट ठेवलं. दादा म्हणाला, "देणारे आम्ही दोघं हाय. ती घेणार हाय." त्यानं पुन्हा एकदा नावं वाचली आणि मग दादाला अंगठ्याला बोलावलं.

नवरात्रात माडीवरची खोली आपली राहावी, अशी दादाची इच्छा होती. दस्तात तसं लिहू नका, मालकीवर बोजा राहतो, असं वकील म्हणाले. म्हणून लिहिलं नाही. खोली त्याचीच आहे, वहिनीनं तिथं गादीही आणून ठेवली आहे.

प्रॉपर्टी कार्डाच्या फेरफाराचा अर्ज दिलाय. महापालिकेत घरफाळ्याला नाव लावायचं राहिलंय, बिल अजून आबांच्याच नावानं येतं. ते झालं की माडीवरची कौलं उतरवून वासे बदलून घ्यायचे आहेत. सुताराला मे महिन्याचं सांगून ठेवलंय, वळवाच्या आधी उरकायला पाहिजे.