गोव्याहून पाटणला, पाण्यानं

पाटणला बोटीनं जाता येतं का? नाही येत. पण जितकं जाता येतं तितकं आम्ही ह्या वर्षी संक्रांतीनंतर जाऊन आलो, म्हणजे मांडवीतनं निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं दाभोळच्या खाडीत शिरायचं, खाडीनं वर चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत, आणि तिथनं पुढं कुंभार्ली घाट चढला की घर. सव्वीस फुटी जुनी शिडाची बोट, मी आणि आमचे हे. लेक फोनवर म्हणाली आई तुला पोहता तरी येतं का नीट, तिला म्हणलं कोयनेच्या डोहात शिकलेय मी, तुझ्यासारखी क्लबात नाही.

आता हे खूळ कुठनं आलं ते सांगते. ह्यांची सगळी नोकरी पोफळीच्या पावर हाऊसात गेली. कोयना महाबळेश्वरात उगवते, सरळ दक्षिणेला येते, हेळवाकला वळून कराडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पार बंगालच्या उपसागरात जातं, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय. पण शिवसागरातलं, म्हणजे कोयना धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांनी पश्चिमेला नेतात, सह्याद्रीच्या पायथ्याशी टर्बाइनवर सोडतात, मग ते कोळकेवाडीत अडवून पुन्हा वीज काढतात आणि उरलेलं वाशिष्ठीत. हेच ते अवजल. कृष्णा पाणीवाटप लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलंय. म्हणजे आमच्या तालुक्यातलं पाणी चिपळूणवरनं दाभोळला जाऊन अरबी समुद्राला मिळतं, आणि भर उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहताना दिसते ती ह्याच पाण्यावर. ह्यांनी उभी हयात ते पाणी खाली सोडलं, आणि रिटायर झाल्यावर एकच धोशा, की हे जातंय तिथनं उलटं वर यायचं. गोव्यात बोट शिकलो, मग एक सेकंडहँड घेतली, तिथल्या नदीतच ठेवली होती. पावसाळ्याच्या आत तिला दाभोळला आणून किनाऱ्यावर चढवायची असं ठरलं.

कोकणात उत्तरेला शिडानं जायचं म्हणजे वाऱ्याचा टाइमटेबल पाळावा लागतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडनं मतलई वारा येतो, गार, सरळ, बोटीच्या उजव्या अंगाला, आणि समुद्र अगदी सपाट. त्यावर चार-पाच नॉटनं बोट अशी पळते की चहासुद्धा सांडत नाही. दहा-अकराला तो मरतो. मग तास-दीड तास काहीच नाही, शीड लोंबतं, ऊन भाजतं, आणि दुपारनंतर वायव्येकडनं खारा वारा सुटतो तो बरोबर तोंडावर. त्याच्याशी भांडत वाकडंतिकडं टॅक मारत गेलात तर चार तासांत गावाचं तेच देऊळ दिसत राहतं, फक्त जरा वेगळ्या बाजूनं. म्हणून आम्ही रात्री तीनला नांगर उचलायचो आणि दुपारी जेवणाच्या वेळेला पुढच्या खाडीत आत. इंजिन आहे बोटीला, छोटं डिझेलचं, पण हे ते लावायला तयार नसायचे, डिझेल वाचवतात का इज्जत ते मला अजून कळलेलं नाही.

मालवणला पोचलो तेव्हा बोट लागून माझी पार वाट लागलेली. तिथं बंदराच्या तोंडाशी खडकच खडक, सिंधुदुर्ग उगीच त्या कुरटे बेटावर नाही बांधला महाराजांनी, १६६४ ला काम सुरू झालं आणि नवख्या माणसाला आत शिरायची वाट आजही सापडत नाही. एका होडीवाल्याच्या मागं मागं गेलो. किल्ल्यात खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, साखरबाव, दहीबाव. मी त्या बघत बसले, ह्यांनी तटबंदी बघितली.

तिथनं पुढं देवगडच्या आसपास, काळोखात, बोट थांबली. वारा आहे, शीड भरलंय, आणि बोट जागची हलत नाही. टॉर्च मारला तर मागं सुकाण्यात जाळ्याची दोरी अडकलेली, थर्माकोलचे तुकडे आणि एक रिकामा पाच लिटरचा तेलाचा कॅन पाण्यावर डुचमळत होता. ती जाळी कुठंही मांडलेली असतात, दिव्याबिव्याचा पत्ता नसतो, कधी नुसतं बांबूला काळं फडकं. ह्यांनी बोटीच्या काठीला कोयता बांधायला घेतला तेवढ्यात लांबनं ट्रॉलरवरनं आरडाओरडा, "ओ, कापू नकात! कापू नकात!" दोघं पोरं छोट्या होडीतनं आली, एकानं पाण्यात उडी मारली, पायानंच दोरी खाली दाबली आणि सुकाणू मोकळं. दोन मिनिटांचं काम. मग चौकशी.

"खंयचे तुम्ही?"

"सातारा. पाटण."

"साताऱ्याक दर्या खंय आसा?"

ह्यांनी त्या पोराला पावर हाऊस, बोगदा, अवजल सगळं रात्री साडेतीन वाजता समजावून सांगितलं. पोरगं बिचारं ओलंचिंब, थंडीनं कुडकुडत, ऐकून घेतलं त्यानं. शेवटी मी कंदी पेढ्याचा बॉक्स पुढं केला म्हणून सुटला. त्यानं बदल्यात सात-आठ बांगडे टाकले, ते सकाळी तव्यावर, मीठ-हळद आणि घरचा खर्डा लावून.

विजयदुर्गला दोन रात्री राहिलो, कारण वाघोटनच्या खाडीत वायव्येचा वारा अजिबात लागत नाही, पाणी थाळीसारखं. पण मला ती जागा बघून राग येतो, खरं सांगते. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात कान्होजी आंग्रे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, म्हणून ह्या किनाऱ्यावर दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय जहाज जाऊ द्यायचे नाहीत, आणि शाहू महाराज गेल्यावर सात वर्षांत, १७५६ ला, पेशव्यांनी कान्होजींच्याच मुलावर, तुळाजी आंग्र्यांवर, इंग्रजांना बोलावून घेतलं आणि अख्खं आरमार ह्याच खाडीत जळलं. तुळाजी सरळ होते असं कोणी म्हणत नाही. पण घरच्या भांडणात शेजाऱ्याला बोलवून गोठा पेटवायचा हा कुठला शहाणपणा. हे म्हणाले तू त्या काळात असतीस तर पंत प्रतिनिधीच झाली असतीस, असो.

रत्नागिरी, जयगड पटापट केलं. जयगडला मोठी जहाजं लागतात, आमची बोट त्यांच्या बाजूनं जाताना काडेपेटी वाटत होती, शेजारून तवसाळची फेरीबोट जाते तिच्यातले लोक हात करत होते.

आणि मग दाभोळ. अंजनवेलला गोपाळगड, त्याच्या अलीकडं टाळकेश्वरचं दीपगृह आणि वीज प्रकल्पाच्या चिमण्या, भरती लागायची वाट बघत बाहेर थांबलो आणि पाणी चढायला लागल्यावर अंजनवेलच्या अंगानं आत घुसलो. कधीकाळी आदिलशाहीचं केवढं बंदर होतं हे, आता धोपाव्याच्या फेरीसाठी उभ्या असलेल्या गाड्या आणि मच्छी. आमच्या बोटीला खाली कील आहे, म्हणजे तळाखाली पाण्यात खोल उतरणारा कणा, वर खाडी गाळानं भरलेली, म्हणून तिला तिथंच नांगरावर सोडून एका काकांची होडी ठरवली. त्यांनी भरतीबरोबरच निघायचं सांगितलं, म्हणजे पाणीच ढकलत नेतं.

खाडीनं वर जाताना मी दर थोड्या वेळानं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावत होते. आधी खारं. जगबुडी येऊन मिळते त्याच्या वर मचूळ. हे ओरडले, अगं वर केमिकलचे कारखाने आहेत, चाखतेस काय! काका म्हणाले, "ताई, मासं मरतंत त्या पाण्यानं, नका." मग बंद केलं. खारफुटी, चिखल, बगळे, आणि चिखलावर उन्हात पसरलेली मगर, जबडा उघडा ठेवून. पहिली मला लाकूड वाटली. नंतर मोजणं सोडून दिलं आणि होडीच्या काठावरचा हातही आत घेतला.

गोवळकोटला उतरलो तेव्हा पाणी खाली वाहत होतं, ओहोटी लागलेली. हे धक्क्यावर उभं राहून घड्याळ बघत होते. म्हणलं काय झालं, तर म्हणाले संध्याकाळी लोड वाढतं, सगळी मशीन चालू करतात, त्याचं पाणी इथं पोचायला किती वेळ लागतो ते बघायचंय. इतकी वर्षं वर बसून त्यांनी नुसता अंदाज केला होता. धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्यानं त्यांना पार कोपऱ्यात घेतलं, जुलै २०२१ चा पूर, घरात किती पाणी होतं, गाळ कोण काढणार, धरणाचं पाणी सोडलं का नाही सोडलं. ह्यांनी आपली बाजू मांडली, म्हाताऱ्यानं आपली. पटलं कोणाचंच कोणाला नाही. चहा मात्र म्हाताऱ्यानंच पाजला.

रात्री चिपळूणहून एसटीनं कुंभार्ली चढलो. बोट अजून दाभोळलाच आहे. तिला किनाऱ्यावर ओढायला उधाणाची भरती लागते, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत पाणी तिथपर्यंत पोचतच नाही, म्हणून पौर्णिमेला परत जायचंय. ओंडके आणि माणसं काका बघणार आहेत. ह्यांचं म्हणणं पुढच्या वर्षी बाणकोट, सावित्रीसुद्धा महाबळेश्वरचीच. मी म्हणलं आधी इंजिन लावायचं कबूल करा.