एकूण आणि एकुण

मालवण, आषाढातला रविवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही, वीज मात्र आज टिकून होती. दुपारी भाचा लॅपटॉप घेऊन आला. वडिलांच्या न्याहारी-निवासासाठी तो जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेत, बिलाचं पान करतोय, आणि व्हेरिएबलची (किंमत साठवायच्या खणांची) नावं चक्क देवनागरीत: दर, दिवस, एकूण. जावास्क्रिप्टला ती चालतात. पण रकमेच्या जागी 'नॅन' येत होतं, म्हणजे ही संख्याच नव्हे.

"मामा, दर वर लिवलेलो आसा मां!"

लिहिला होता खरा. 'लेट दर;' एवढाच. नाव जाहीर केलं आणि किंमत दिलीच नाही, तर आत अनडिफाइन्ड, म्हणजे 'किंमत ठरलेली नाही', असं असतं; त्याला दिवसांनी गुणलं की नॅन. खानावळीच्या फळ्यावर 'सुरमई थाळी' लिहून भाव कोरा ठेवावा तसं. थाळीचं नावच फळ्यावर नसेल तर गोष्ट वेगळी: ते व्हेरिएबल वाचायला गेलं की रेफरन्स एरर, म्हणजे 'असं नावच नाही' ही चूक, आणि काम तिथेच ठप्प. वैताग असा की त्या एररचे शब्दही 'इज नॉट डिफाइन्ड'. नवख्याला दोन्ही एकच वाटणार. किंमत कुठल्या प्रकारची ते सांगणारं टाइपऑफ तर दोघांनाही 'अनडिफाइन्ड'च म्हणतं, त्यामुळे त्याला विचारून फरक कळत नाही.

दर भरला, गुणाकार फंक्शनमध्ये (कामाच्या वेगळ्या तुकड्यात) हलवला, तर बिल शून्य!

हे सापडायला वेळ लागला. वर शून्य किंमत दिलेला 'एकूण' दीर्घ, आणि फंक्शनमध्ये गुणाकार ठेवलेला ऱ्हस्व 'एकुण'मध्ये. वाचताना ओरडणारी ही भाषा, जाहीर न केलेल्या नावात किंमत टाकली की मात्र गुपचूप नवं ग्लोबल (सगळ्या पानाला दिसणारं) व्हेरिएबल करून मोकळी होते. १९९५ साली या भाषेचा कर्ता ब्रेंडन आइक याने पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, घाई समजू शकतो. पण हा मोकळेपणा मला कधीच पटलेला नाही. २००९ च्या ईएस५ या भाषेच्या आवृत्तीपासून फाइलच्या डोक्यावर 'यूज स्ट्रिक्ट' लिहिता येतं, मग तिथेही रेफरन्स एरर येतो. लिहिलं, आणि ऱ्हस्व उकार ओळीच्या क्रमांकासकट पकडला गेला.

आता भाच्याला सगळी नावं इंग्रजीत करायची आहेत. मी नको म्हटलं. 'अमाउंट'चं स्पेलिंग तो कसं लिहितो ते मी पाहिलंय.