नेट गेलं त्या दुपारी

गिरगावातल्या एका चाळीच्या तळमजल्यावर 10 पीसींचं गेमिंग कॅफे आहे. तासाला 60 रुपये. 'सायबरपंक', म्हणजे संगणकांनी भरलेल्या भविष्याच्या गोष्टी, म्हटलं की निऑन दिवे डोळ्यांसमोर येतात; इथे एक ट्यूबलाइट, घरघरणारा पंखा आणि दारात चपलांचा ढीग. पोरं खेळताना एकमेकांशी कशी वागतात, याचं माझं क्षेत्रकार्य इथेच चालतं. दर 5 मिनिटांनी वहीत नोंद करायची: कोण कोणाशी बोललं, नुसत्या तोंडाने की हेडसेटमधून. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या घरून लेखी संमती आधीच घेतलेली.

मेच्या अखेरीस पावसाआधीचं खोदकाम चालू होतं. सव्वाचारला रस्त्यातली नेटची फायबर केबल तुटली आणि 8 पीसींवरचा व्हॅलोरंट, म्हणजे टीम करून ऑनलाइन खेळायचा गोळीबाराचा खेळ, एकदम अडकला. या खेळाचा सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारा मुख्य संगणक, मुंबईतच आहे, पण मुंबईतला म्हणजे खोलीतला नव्हे. एकाने फोन यूएसबीने जोडून आपली मॅच कशीबशी वाचवली. बाकीचे उठायला लागले तसा कॅफे चालवणारा दादा म्हणाला, "बसा रे, काउंटर लावतो."

काउंटर म्हणजे काउंटर-स्ट्राइक 1.6, गोळीबाराचाच जुना खेळ, सन 2003 चा. त्याला बाहेरचं नेट लागत नाही. राउटर आणि स्विच चालू असले, पीसींना खोलीतल्या नेटवर्कचे 192.168 वाले पत्ते मिळालेले असले, की एका पीसीवर 'न्यू गेम' सुरू करायचा आणि बाकीच्यांनी लॅनच्या, म्हणजे खोलीतल्याच नेटवर्कच्या, यादीतून आत शिरायचं. सांगायला सोपं, लागली 20 मिनिटं. आधी कुणालाच यादीत काही दिसेना, कारण सर्व्हरवाल्या पीसीवर फायरवॉलने, म्हणजे बाहेरून येणारं अडवणाऱ्या पहारेकऱ्याने, परवानगी विचारली तेव्हा कुणीतरी 'कॅन्सल' दाबलं होतं. 27015 पोर्ट, म्हणजे या खेळात शिरायचं दार, बंद. ते उघडलं तरी 7 नंबर कोराच. तो वायफायच्या वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर होता, केबल सैल झाल्यापासून. 4 नंबरवर 'मॅप सर्व्हरपेक्षा वेगळा आहे' असा संदेश, म्हणून डस्ट2 या मॅपची (खेळायच्या मैदानाची) बीएसपी फाइल पेनड्राइव्हने नेऊन बदलावी लागली.

मग खुर्च्या. व्हॅलोरंटमध्ये शत्रू कुठेतरी लांब असतो, म्हणून मित्र मित्राशेजारी बसतो. आता शत्रू हाताच्या अंतरावर, त्याची स्क्रीन तिरक्या नजरेत. दोन मिनिटांत "स्क्रीन बघतोयस!" सुरू. दादाने पोरांना उठवून एका ओळीत एक टीम, समोरच्या ओळीत दुसरी, असं बसवलं. इतके आठवडे मी बसण्याच्या जागा मैत्रीचा पुरावा म्हणून नोंदवत होते. खेळ बदलला की जागाही बदलतात, हे वहीत कुठेच नव्हतं.

सगळ्यात बघण्यासारखी होती बोटं. व्हॅलोरंटमध्ये सी, क्यू, ई, एक्स या कळांवर पात्राच्या शक्ती असतात. धूर टाकायला पोरं सवयीने सी दाबत आणि इथे रेडिओ संदेशांचा मेनू उघडे. क्यू दाबला की बंदूक बदले आणि तेवढ्यात पोरगा मरे. दादा मात्र स्क्रीनकडे न बघता बी, 4, 3 दाबून एम4 बंदूक घेत होता, खेळातले 3100 डॉलर जमले की लगेच. कित्येक वर्षं हात लावला नव्हता म्हणे. शरीराच्या सवयींवरच्या 1934 च्या व्याख्यानात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी पहिल्या महायुद्धातला किस्सा सांगितला होता: इंग्रज सैनिकांना फ्रेंच फावडी चालवता येईनात, म्हणून डिव्हिजनमागे 8000 फावडी बदलावी लागली. तेच इथे, फावड्याऐवजी कीबोर्ड.

दुसरी गोष्ट जागांच्या नावांची. व्हॅलोरंटमध्ये तुम्ही कुठे आहात ते मिनीमॅपवर, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, लिहून येतं. 1.6 च्या रडारवर नुसते ठिपके. त्यामुळे डस्ट2 मधल्या जागांची 'लाँग', 'टनेल', 'कॅट' ही नावं कुणाच्या तरी तोंडून ऐकल्याशिवाय कळत नाहीत, आणि ती सांगायला खोलीत दादा एकटाच. "टनेलमधून दोघं येतायत रे!" हे त्याने ओरडून सांगितलेलं समोरच्या ओळीलाही ऐकू जात होतं. चौथ्या राउंडपासून त्याची टीम मुद्दाम खोटं ओरडायला लागली. हेडसेट तसेच मॉनिटरवर लटकत होते.

सव्वापाचला नेट आलं. तरी चौघे काउंटरवरच राहिले. दादाने मधल्या तासाचे निम्मेच पैसे लावले, तर फोन जोडून मॅच वाचवलेला पोरगा भांडायला लागला: माझा डेटा गेला, मला माफच करा.