मसाई मारासाठी येऊरच्या म्हशी

जुलैअखेरीस केनियातल्या मसाई मारा अभयारण्याची सफारी ठरली तेव्हा मला वाटलं, तयारी म्हणजे बॅगा भरणं. पण एप्रिलपासूनचे आमचे रविवार त्यातच गेले.

पहिला रविवार ऐरोलीच्या बोटीचा. भाड्याने आणलेली, दूरचं टिपणारी १५०-६०० मिमीची लेन्स, वजन दोन किलोच्या आसपास, आणि मी आजवर मोबाईलवर फोटो काढणारी. बोट भरती बघून सुटते, त्यामुळे आमच्या वाट्याला ऐन ऊन आलं. खाडीत फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, चिखलात माना खुपसून उभे. लहान रोहितची चोच काळपट लाल, मोठ्याची गुलाबी नि टोकाला काळी, हे बोटीवरच्या गाइडने दाखवलं. हे दोन्ही केनियाच्या तळ्यांवरही असतात! बोट हलत होती, माझे हात त्याहून जास्त. दोनशे फोटोंतले नऊ ठेवले.

सफारीच्या गाडीत ट्रायपॉडला जागा नसते, खिडकीवर बीनबॅग ठेवून तिच्यावर लेन्स टेकवतात. दुकानातली किंमत ऐकून मी नवऱ्याच्या जुन्या जीन्सचा पाय कापला, एक तोंड शिवलं, दुसऱ्याला चेन लावली. आत आधी थर्माकोलचे दाणे भरले, लेन्स डुगडुगायला लागली. मग दोन किलो सुके वाटाणे. तिकडे पिशवी रिकामीच न्यायची आणि धान्य तिथेच घ्यायचं, कारण माराला जाणाऱ्या छोट्या विमानात पंधराच किलो सामान चालतं.

पुढचे तीन रविवार पहाटे ठाण्याचं येऊरचं जंगल. बिबट्या दिसेल अशी आशा नव्हती, म्हशी मात्र भरपूर. रस्त्याकडेला गाडी लावून खिडकीतून म्हशीच्या पाठीवरचा कोतवाल पक्षी टिपायचा, हा माझा अभ्यास. पहिल्या दिवशी सगळे फोटो पुसट. दोष लेन्सचा म्हणून मी कुरकुरले. नवऱ्याने एसीसाठी इंजिन चालू ठेवलं होतं, त्याची थरथर वाटाण्यांतून लेन्सपर्यंत पोचत होती. इंजिन बंद केल्यावर कोतवालाची दुभंगलेली शेपटी लख्ख आली. म्हैस रवंथ करत आमच्याकडे बघत राहिली.

यलो फीवरच्या लशीचं वेगळंच. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते. कुपी एकदा तयार केली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून ठरल्या दिवशीच बोलावतात. अंड्याची अॅलर्जी आहे का, हे दोनदा विचारलं. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, पण एकदा घेतली की जन्मभर चालते. परत येताना आपल्याच विमानतळावर लशीचं कार्ड बघतात. नसेल तर सहा दिवस क्वारंटाइन. ठाणे लोकलमध्ये कार्ड न्याहाळत होते तर पासपोर्ट नंबरातला एक आकडा चुकलेला! घाटकोपरला उतरून उलटी गाडी पकडली. खिडकीवरच्या बाईंनी न रागावता नवं कार्ड लिहून दिलं, मी मात्र स्वतःवर चिडले, तिथेच वाचायला काय झालं होतं?

व्हिसाची भानगड नव्हती, २०२४ पासून केनियाला त्याऐवजी ई-टीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवानगी लागते. पण तिथे २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, म्हणून सासूबाईंनी कॅरीबॅगेत बांधलेला चिवडा डब्यात गेला.

बीनबॅग काल रिकामी केली. तीन महिने जीन्सच्या पायात राहिलेल्या वाटाण्यांची उसळ करायला सासूबाई तयार आहेत, नवरा खायला नाही.