शीर शोधणं संपलं

मला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठायला लागणारा फॅक्टर आठ माझ्या शरीरात पुरेसा बनत नाही. बाहेरून शिरेत घेतलेला फॅक्टर आठ जेमतेम आठ-बारा तासांत निम्म्यावर येतो. त्यामुळे ब्लीड (रक्तस्राव) होऊच नये म्हणून तो घ्यायचा, तर आठवड्यातून तीनदा शीर शोधणं आलं. माझ्या शिरा लहानपणापासून टोचून टोचून वाया गेलेल्या. गोव्यातल्या डिचोलीहून बांबोळीच्या इस्पितळात पोचेपर्यंत गुडघा टम्म फुगलेला असायचा, आणि तिथे सिस्टर एक हात सोडून दुसरा बघायच्या. म्हणून डॉक्टरांनी एमिसिझुमॅब या औषधाचं नाव काढलं तेव्हा मी एवढंच ऐकलं, की हे कातडीखाली घ्यायचं असतं.

दिव्यांग दाखला, इनहिबिटरची (फॅक्टर आठला निकामी करणाऱ्या अँटिबॉडीची) तपासणी, सह्या, शिक्के यांत बराच काळ गेला. त्याचं रडगाणं इथे नको.

हे औषध म्हणजे फॅक्टर आठ नव्हे, हे मला जरा उशिराच कळलं. जपानच्या चुगाई कंपनीत घडवलेली ही अँटिबॉडी एका हाताने रक्त गोठण्याच्या साखळीतला सक्रिय फॅक्टर नऊ धरते, दुसऱ्याने फॅक्टर दहा, आणि दोघांना शेजारी आणून आठाचं काम उरकते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला चारेक आठवडे लागतात. अमेरिकेत २०१७ मध्ये आधी इनहिबिटरवाल्यांसाठी मान्यता मिळाली, २०१८ मध्ये इनहिबिटर नसलेल्या माझ्यासारख्यांसाठीही.

पहिले चार आठवडे दर आठवड्याला डोस, मग पंधरवड्याला. माझं वजन ७० किलो. किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे २१०. १०५ च्या दोन वायल (छोट्या बाटल्या), मिळून १.४ मिली. वायल फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं टेबलावर ठेवायची. हलवायची नाही, गरम पाण्यात तर मुळीच घालायची नाही. औषध ओढायची सुई वेगळी, टोचायची बारीक सुई वेगळी. तळाचं औषध ओढताना वायल उलटी धरून सुईचं टोक खाली खेचत आणावं लागतं, नाहीतर सिरिंजमध्ये नुसती हवा. बेंबीपासून दोन इंच सोडून पोटाची घडी चिमटीत धरायची, टोचायचं आणि नंतर चोळायचं नाही. पोटात सुई म्हटल्यावर आई म्हणाली, “कुत्रा चावला काय रे तुला?”

आमच्याकडे पावसात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. सुरुवातीला मी फ्रिजसमोर येरझाऱ्या घालायचो. पण न उघडलेली वायल ३० अंशांच्या आत, सगळे मिळून सात दिवस बाहेर राहिली तरी चालते. तेवढं फार्मासिस्टने नीट समजावलं आणि झोप लागायला लागली.

खरी अडचण सवयीची. कुठे जरा आपटलं की फॅक्टर, असं डोक्यात बसलेलं. चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना पायाची नडगी शिडीवर आपटली तेव्हा फोन केला. डॉक्टर म्हणाले, नुसतं काळंनिळं असेल तर थांब. सांधा सुजला किंवा डोक्याला मार लागला तर मात्र लगेच ये, तेव्हा फॅक्टरच लागेल. चालू झालेला ब्लीड थांबवणं या औषधाचं काम नाही. इनहिबिटर असलेल्यांनी तर जास्त जपायचं, कारण एपीसीसी नावाचं जुनं औषध याच्या जोडीला मोठ्या मात्रेत दिलं तर गुठळ्या होऊ शकतात.

दात काढायचा होता तेव्हाचा किस्सा तर अजबच. एका खाजगी दवाखान्यात एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती चाचणी केली, ती नॉर्मल आली आणि तिथले म्हणाले, तुम्हाला हिमोफिलिया नाहीच! या औषधाने ती चाचणी फसते, आणि औषध बंद केल्यावरही सहा महिन्यांपर्यंत फसू शकते. तेव्हापासून पाकिटात कार्ड असतं: औषधाचं नाव, आणि माझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात, ऑपरेशन काहीही करू नये, अशी ठळक ओळ.

पेडण्याचा माझा मित्र हिमोफिलिया बीचा. त्याच्याकडे नऊच नाही, मग ही अँटिबॉडी धरणार काय? त्याच्यासारख्यांसाठी वाट उलटी आहे: रक्त गोठू न देणाऱ्या शक्तीलाच लगाम घालायचा. मार्स्टासिमॅब आणि कॉन्सिझुमॅब ही औषधं टीएफपीआय या गोठणं रोखणाऱ्या प्रथिनाला अडवतात, फिटुसिरान यकृतात तशाच कामाचं अँटिथ्रॉम्बिन कमी बनू देतं. तिन्ही कातडीखालीच घ्यायची. अमेरिकेत पहिली दोन २०२४ मध्ये मान्य झाली, तिसरं २०२५ मध्ये. गुठळीचा धोका सगळ्यांतच सांभाळावा लागतो. मित्र सध्या फॅक्टर नऊ शिरेतूनच घेतो, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्याने माझ्याकडूनच लिहून घेतलेत.