हॉर्नबीमचा बोन्साय: पालवीची वाट बघताना

बोन्साय घरातच, उबेत ठेवायचा असं विक्रेत्याने ठामपणे सांगितलं आणि मी ते मानलं, याचा राग अजून गेलेला नाही. झाड होतं हॉर्नबीम, युरोपातलं एक पानगळीचं झाड. जर्मनीत त्याला हाइनबूखे म्हणतात. इथे म्युनिकला आमच्या गल्लीत कितीतरी कुंपणं याच झाडाची आहेत, उणे दहातही बाहेर उभी असतात. ती रोज बघूनही मी माझं झाड ऑक्टोबर ते डिसेंबर हीटरवरच्या खिडकीत ठेवलं.

पानगळीच्या झाडाला थंडी लागतेच. ती कमी पडली तर डोळे, म्हणजे फांदीवरचे पानांचे कोंब, वेळेवर फुटत नाहीत. हे कळेपर्यंत जानेवारी उजाडला. एकदम बर्फात नेलं नाही. आधी तळघराच्या गार जिन्यात, मग बाल्कनीत भिंतीलगत, कुंडीला गोणपाट गुंडाळून. फांद्या थंडी सोसतात, उथळ कुंडीतल्या मुळांना जपावं लागतं.

मार्च गेला. एप्रिलच्या मध्याला कुंपणं हिरवी झाली, माझ्या झाडावर मात्र गेल्या वर्षीची तपकिरी पानं तशीच लोंबत होती. (हॉर्नबीमची ती सवयच आहे, त्यावरून झाड मेलं असं समजू नका.) दर रविवारी नखाने साल किंचित खरवडायचो. आत हिरवं दिसायचं. पुण्याहून आई विचारायची, "फुटलं का रे?" "नाही गं अजून." पानं नसलेलं झाड पाणी फार कमी पितं, तरी जीव राहवेना म्हणून मी रोज घालत होतो. तसं करू नका, मुळं कुजतात. माती वरून सुकू लागली की घाला.

एक बरं केलं, त्या वर्षी कुंडी बदलली नाही. अशक्त झाडाच्या मुळांना हात लावायचा नसतो. पुढच्या मार्चमध्ये, डोळे फुगले पण उघडले नव्हते, तेव्हा बदलली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक टोकदार डोळा उघडला. आतलं पान करंगळीच्या नखाएवढं, शिरेशिरेवर घडी, अगदी साडीच्या निऱ्यांसारखं. मी कितीतरी वेळ तिथेच उकिडवा बसून होतो.

उन्हाळ्यात दुपारचं कडक ऊन टाळा, पानांच्या कडा करपतात. नव्या फांदीला पाच-सहा पानं आली की दोन ठेवून छाटा, पण झाड सावरल्यावरच. मी पहिलं वर्षभर कात्री लावली नाही.

यंदा पानं पिवळी झाली तेव्हाही झाड बाल्कनीतच होतं.