नावं वाचणाऱ्या आजी

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर आजी गेल्या त्याला आता साडेतीन महिने झाले. वय 93. अंत्यविधीला जे जे बोलायला उभे राहिले ते सगळे म्हणाले शांत, सोशिक, नम्र वगैरे. मी मागच्या बाकावर बसून विचार करतोय, हे नक्की कोणाबद्दल चाललंय? आजी आणि शांत? उपदेश लांबला की मोठ्याने खाकरायच्या, आणि पाळकसाहेबांकडून वचनाचा नंबर चुकला तर बसल्या जागेवरून दुरुस्त करायच्या.

बायबलच्या स्तोत्र 90 मधे माणसाचं आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी वर्षं असं म्हटलंय ना, त्यामुळे ऐंशीनंतर कोणी तब्येत विचारली की म्हणायच्या, "बोनस चालू आहे रे."

बायबलचे अध्याय 1189. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात सगळं बायबल होतं, हा जुना हिशोब, आणि त्यात 1199 होतात म्हणजे वर दहा उरतात. ते दहा आजारपणासाठी! म्हणजे वर्षाला जेमतेम तीन दिवस ताप यायची परवानगी, त्यापुढे नाही. लग्न झाल्यापासून त्यांचं हे चालू होतं.

मी एकदा विचारलं, बायबलमधलं 'पहिला इतिहास' हे पुस्तक उघडलं की नऊ अध्याय जवळपास नुसती नावंच, अमक्याचा मुलगा तमका, ते तरी सोडता की नाही? तर माझ्याकडे असं बघितलं की बस. "कोणीतरी वाचायला नको का त्यांची नावं?"

मधे चार वर्षं मी उपासनेला जातच नव्हतो, कारण काही खास नाही, आळस. परत गेलो तर आजींनी दारातच विचारलं, नोकरी टिकली का, आईचा गुडघा कसा आहे. यांना कसं माहीत? नंतर कळलं की जे यायचे बंद झालेत त्यांची एक वही होती आणि रोज पहाटे त्यातलं एकेक नाव घेऊन प्रार्थना. मला जरा रागच आला होता खरं तर, माझी चौकशी करत होत्या म्हणून.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवसापासून मी पण सुरू केलंय, तीन आणि पाच. सध्या पहिला इतिहास, सातवा अध्याय. निम्मी नावं उच्चारताच येत नाहीत. अजून दोन अध्याय असेच आहेत.